दोनशे बारा दुरुस्त्या

२ एप्रिल

चि. कटकटीस,

आशीर्वाद. एरवी अनेक असतात, आज एकच आहे, कारण मी चिडलोय.

तू 'आठ-ए' म्हणून लिहून पाठवलेली दोन गाणी मी काल एकावर एक लावली. एकच आकडा म्हणजे सख्खे भाऊ. गुण्यागोविंदाने नांदायला हवे होते. दहाव्या सेकंदाला एकमेकांच्या नरड्याला लागले! आवाज खाली ओढला, चहा घेतला, परत लावली. तेच. मग सात-ए वरून आठ-ए वर जाऊन पाहिलं. शेजारचे आकडे, ते तरी जमतील. छे. काल दिवसभरात मी तुझ्या अकरा जोड्या लावल्या आणि त्यातल्या नऊ बेसूर निघाल्या.

बाई गं, ते कोष्टक काही फार अवघड नाही. घड्याळासारखे बारा आकडे, प्रत्येक एका सुराचा; 'ए' म्हणजे मायनर, 'बी' म्हणजे मेजर. शेजारच्या आकड्याचं गाणं शेजारच्यात मिसळतं, लांबच्या आकड्याचं भांडतं. कॉम्प्युटर लांबलचक ठेक्याच्या सुरुवातीला फसतो आणि भलताच आकडा देतो, म्हणून तर तुझ्याकडून करून घेतलं. पियानो जुळवणारी भाची घरात असताना मशीनच्या नादी कशाला लागायचं, असं मी मामीला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. आता तेच तोंड लपवत फिरतोय.

बाकीचे डीजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर बेडकासारखी उडी मारतात, त्यांचं काही बिघडत नाही. आमच्या प्रोग्रेसिव्ह हाउस प्रकारच्या नाचाच्या संगीतात जुनं गाणं सावकाश निघतं, नवं सावकाश येतं, आणि तीन-तीन मिनिटं दोघांचा संसार चालतो. तिथे सूर जुळला नाही तर लपायला जागा नसते.

सात मेला माझे सहा तास आहेत, हे तू विसरली नसशील. दुपारी दोन ते संध्याकाळी आठ, सलग. पाच वर्षं मी गोदामातल्या त्या क्लबात दर रविवारी दुपारी दोनला रिकाम्या खुर्च्यांना वाजवून दाखवतोय आणि माणसं यायला लागली की दुसऱ्याच्या हातात देतोय. मालकाने स्पष्ट सांगितलंय, हे सहा तास नीट गेले तर पुढचे सगळे रविवार माझे. नाही गेले तर नवा माणूस तयार आहे. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. मला दुसरी संधी कोणी देणार नाही.

तेव्हा चारशेच्या चारशे गाणी परत तपास. आणि फोन करू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. लिहून कळव.

तुझा,
मामा


६ एप्रिल

ती. मामा,

नमस्कार. तुझा एक आशीर्वाद पोचला. जपून वापरते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून मुकाट्याने कागद घेतलाय. आज दिवसभर एका शाळेचा पियानो जुळवत होते. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दोनशेच्या वर तारा, आणि वर मुलांनी आत टाकलेल्या अकरा पेन्सिली. त्यानंतर घरी येऊन तुझं पत्र वाचलं. माझ्या चेहऱ्याची कल्पना कर.

चारशे गाणी मी मशीनसारखी ऐकली नाहीत. जानेवारीपासून रोज संध्याकाळी चार-पाच. प्रत्येक गाणं ऐकायचं, पियानोवर त्याचा षड्ज शोधायचा, नादकाट्यावर पियानो खरा आहे का पाहायचं, मायनर की मेजर ठरवायचं, मग वहीत लिहायचं आणि मगच तुझ्या यादीत टाकायचं. तुला शंभरात दोन चुका सापडल्या असत्या तर मी कान धरले असते. अकरात नऊ? अकरात नऊ चुका करणाऱ्या बाईला कोणी पियानोजवळ उभं तरी करेल का?

मला वाटतं, घोळ तुझ्या वेगात आहे. सूर जागेवर ठेवायचं बटण बंद राहिलं असणार. ते बंद असताना गाण्याचा वेग सहा टक्क्यांनी वाढवला की अख्खं गाणं अर्धा स्वर वर चढतं. मग कागदावर आठ असलेलं गाणं प्रत्यक्षात तीन होतं, आणि तू बसतोस मला शिव्या घालत. आधी ते बटण बघ. मग माझ्याशी बोल.

मामीला नमस्कार. तिचे आशीर्वाद तरी पूर्ण पाठवायला सांग.

तुझी,
कटकट


११ एप्रिल

चि. कटकटीस,

मला बटण शिकवतेस? मी ही गाणी वाजवायला लागलो तेव्हा तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

एकशे बावीसच्या ठेक्याचं गाणं मी एकशे चोवीसवर नेतो. दोन टक्केसुद्धा होत नाहीत. आणि बटण चालू आहे. मी स्वतः पाहिलं, मामीला बोलावून दाखवलं, ती म्हणाली हिरवा दिवा लागलाय. झालं समाधान?

मी आता तुझी वाट पाहत बसणार नाही. सात तारीख कोणासाठी थांबत नाही. गेले चार दिवस छोटा कीबोर्ड मांडीवर घेऊन मी स्वतः बसलोय. हेडफोन डाव्या कानाला, उजवा कान कीबोर्डकडे, बावीस वर्षं जसं ऐकतो तसंच. दोनशे बारा गाण्यांचे आकडे दुरुस्त केले. तुझे पुसले आणि माझे लिहिले. अजून निम्मी राहिलीत. नाकी नऊ आलेत.

माझ्यावर विश्वास नसेल तर दोन रेकॉर्डिंगं पाठवतोय. पहिल्यात तुझ्या आकड्यांनी चार गाणी जोडली आहेत. दुसऱ्यात दोन जोड्या आहेत: चालू गाणं तुझ्या आकड्याचं, कारण निम्मी अजून तशीच आहेत, आणि त्यावर येणारं माझ्या दुरुस्त आकड्याचं. दोन्ही ऐक, आणि मग पियानोजवळ उभं राहायचं की नाही ते तूच ठरव.

मामा

ता. क. मामीचे आशीर्वाद पूर्ण आहेत. ती तुझ्याच बाजूने आहे, नेहमीप्रमाणे.


१५ एप्रिल

मामा,

मी दोन्ही ऐकली. वर्कशॉपमधल्या मोठ्या स्पीकरवर ऐकली. पहिलं रेकॉर्डिंग, माझ्या आकड्यांचं, इतकं गोड होतं की एक गाणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते मला दोनदा मागे जाऊन शोधावं लागलं. दुसरं लावलं आणि आमचे आजोबा आतल्या खोलीतून धावत आले. (आजोबा म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने ट्यूनर, सगळे त्यांना तेच म्हणतात.) त्यांना वाटलं, पियानोची चौकट तडकली. दोन गाणी अर्ध्या स्वराच्या अंतराने एकमेकांना घासत होती, सलग तीन मिनिटं, आणि तू ते थांबवलं नाहीस!

आधी वाटलं, तू नावं उलटी टाकलीस. मग गाण्यांचा क्रम ताडून पाहिला. उलटी नाहीत. म्हणजे तुला पहिलं वाईट वाटतं आणि दुसरं चांगलं वाटतं. किंवा तसं वाटतं असं तू म्हणतोस.

आता स्पष्ट बोलते. सात तारखेची तुला भीती वाटते आहे. वाटू दे, मलाही वाटली असती. पण त्यासाठी आधीपासून माझ्या नावावर बिल फाडून ठेवू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. सहा तास झेपत नसतील, वय झालं असेल, तर मालकाला तसं सांग. माझ्या तीन महिन्यांच्या कामावर बोळा फिरवून वर मलाच रेकॉर्डिंग पाठवतोस, याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

उरलेल्या निम्म्या गाण्यांना हात लावू नकोस. कृपा कर.

कटकट


२३ एप्रिल

प्रिय बाळ,

तुझ्या मामाला न विचारता लिहिते आहे. तुम्ही दोघांनी काय चालवलंय? तुझं पत्र आल्यापासून हा माणूस घरात बोलत नाही. आणि बोलतो तेव्हा न बोललेला बरा, असं होतं.

मी तुझी बाजू घेते हे खरं, पण वयावरून बोलायला नको होतंस. ते वाक्य त्याने मला वाचून दाखवलं. दोनदा.

त्याचा स्वभाव हिवाळ्यापासून कातावलेलाच आहे, त्यात तुझा दोष नाही. तेव्हा मोठी सर्दी झाली होती, तेव्हापासून काही म्हणता काही त्याला पसंत पडत नाही. दाराची बेल बेसूर वाजते म्हणून बदलली. नवी आणली, तीही बेसूर. आता तिसरी लावली आहे आणि तिच्यावर रुमाल गुंडाळून ठेवलाय. पाहुणे दार बडवतात. मी भांडी घासताना गुणगुणते, तीस वर्षं गुणगुणते आहे, तर परवा म्हणाला, तू एकाच वेळी दोन सुरांत कशी काय गातेस? मी म्हटलं, ही कला मला येत असती तर मी भांडी घासली असती का?

मी डावीकडून काही विचारलं तर उत्तरच देत नाही. रागावला की असाच करतो, तोंड फिरवून बसतो. जेवताना टेबलाची बाजूसुद्धा बदलून घेतली आहे. तुझे फोन तो का उचलत नाही ते मला माहीत नाही, पण माझ्या बहिणीचेही उचलत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

चार दिवस झाले, यंत्रांवर कापड टाकून ठेवलंय. सराव बंद. सात तारीख तोंडावर आली. तू मोठी हो आणि एक ओळ लिही. तो होणार नाही.

तुझी,
मामी


२५ एप्रिल

ती. मामा,

वयावरून बोलले ते चुकलं. माफ कर. ही माफी पूर्ण आहे, तुझ्या आशीर्वादासारखी कापलेली नाही.

आता भांडायचं थांब आणि हे नीट वाच. मामीचं पत्र आलं. (तिला रागावू नकोस.) ते वाचून मी रात्रीचं जेवण अर्धवट सोडलं आणि तुझी दुरुस्त यादी माझ्या वहीशेजारी ठेवली. आठाचं तू तीन केलंस. नवाचं चार. एकाचं आठ. बाराचं सात. मी एक एक करत सगळ्या दोनशे बारा ओळी ताडल्या. प्रत्येक ठिकाणी तू घड्याळावर बरोबर सात घरं पुढे गेला आहेस. प्रत्येक ठिकाणी, मामा. आणि त्या कोष्टकावर सात घरं पुढे म्हणजे अर्धा स्वर वर, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एखादा माणूस दोनशे बारा वेळा चुकला तर चुका तऱ्हेतऱ्हेच्या होतात. तू दोनशे बारा वेळा एकच चूक केली आहेस. असं निष्काळजी माणसाला जमत नाही. ज्याचं माप पक्कं आहे पण पट्टीच खोटी आहे, त्यालाच जमतं.

मी आजोबांना विचारलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, अगं, मला झालं होतं हे. तापानंतर त्यांचा एक कान सबंध पावसाळाभर सगळं वरच्या सुरात ऐकत होता. दुसरा बरोबर होता. त्यांना वाटायचं, गावातले सगळे पियानो एका रात्रीत बिघडले. तेव्हा त्यांनी सहा महिने तारा पिळायची चावी हातात धरली नाही.

तू हेडफोन डाव्या कानाला लावतोस. येणारं गाणं डाव्या कानात, चालू असलेलं उजव्या. कीबोर्डही उजव्याच कानाने ऐकलास. मामीशी तू डावीकडून बोलत नाहीस.

सोबत माझा नादकाटा पाठवते आहे. गुडघ्यावर ठोक. आधी उजव्या कानाशी धर, मग डाव्या कानाशी. मग परत उजव्या. आणि जे ऐकू येईल ते लिही, खरं खरं.

तुझी,
कटकट


२९ एप्रिल

चि. कटकटीस,

नादकाटा मिळाला.

उजव्या कानाशी तो तुझ्या पियानोसारखा वाजतो. डाव्या कानाशी अर्धा स्वर वर. मी चाळीस वेळा केलं. मग मामीच्या हातात दिला, डोळे मिटले आणि म्हटलं तू धर. तिने न सांगता कधी या, कधी त्या कानाशी धरला. प्रत्येक वेळी तेच. तो एकच लोखंडाचा तुकडा माझ्या डोक्यात दोन नादकाटे होऊन वाजतो.

आता मी काय लपवलं ते सांगतो. डावा कान कमी ऐकतो हे मला जानेवारीपासून माहीत आहे. कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. सर्दीने आतली नस दुखावली आहे, म्हणाले, सुधारेल किंवा नाही सुधारणार. मी मामीला सांगितलं नाही. तुला तर नाहीच नाही. झाकली मूठ ठेवली. वाटलं, आवाज थोडा वाढवला की काम भागेल. फोन डाव्या कानाला लावायची सवय, त्यात काही कळेनासं झालं, म्हणून फोन बंद केले. पण कान कमी ऐकतो म्हणजे खोटंही ऐकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तू चुकलीस. शपथेवर सांगतो, मला खरंच तसं वाटलं. तुझ्यावर तोंड सोडलं त्याची लाज वाटते. तुझे दोनशे बारा आकडे मी माझ्या हाताने पुसले.

पण ते सोड. यापेक्षा वाईट गोष्ट आहे. जानेवारीपासून मी त्या गोदामात बारा रविवार वाजवलंय. बारा! आणि प्रत्येक वेळी तुला पाठवलेलं दुसरं रेकॉर्डिंग होतं तसंच वाजवलं असणार. काल मी तिथल्या साउंडवाल्याकडे गेलो. आम्ही नऊ वर्षं एकमेकांना ओळखतो. विचारलं, गेले तीन महिने मी कसा वाजवत होतो? तो केबल गुंडाळत बसला. मी परत विचारलं. तर म्हणाला, "दादा, आम्हाला वाटलं, तुम्ही काहीतरी नवीन करताय."

काहीतरी नवीन! सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे आदराने गप्प बसले. मालक म्हणाला, छान. नेहमीची मंडळी म्हणाली, छान. एकानेही सांगितलं नाही की बाबा, कानाला त्रास होतोय. तेवढी एक तू भांडलीस.

मी मालकाला सगळं सांगून सात तारीख सोडणार आहे. पत्र लिहून ठेवलंय, दोन तारखेला टाकतो. तुला आधी कळावं म्हणून हे कुरियरने पाठवतोय.

मामा


३० एप्रिल

मामा,

हे पत्रही कुरियरने पाठवते आहे, उद्या सकाळी हातात पडेल.

मालकाला कानाबद्दल जरूर सांग. त्याला कळायलाच हवं. पण तारीख सोडायची की नाही ते मी येईपर्यंत ठरवू नकोस. आजोबांनी सहा महिने काम सोडलं कारण पियानो जुळवताना त्यांना दुसरा उपाय नव्हता. तुझ्याकडे आहे. तुझ्या मशीनवर ते मधलं गोल बटण आहे ना, ज्याने हेडफोनमध्ये येणारं आणि चालू असलेलं अशी दोन्ही गाणी एकत्र ऐकू येतात? ते मध्यावर ठेवायचं आणि दोन्ही गाणी एकाच कानाने ऐकायची. उजव्या. डाव्या कानात कापूस. तुझ्या बाजूचा स्पीकर बंद. खोटं बोलणाऱ्याला बैठकीतच घ्यायचं नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

साधी म्हटलं, सोपी नाही. हेडफोन डाव्या खांद्यात धरायची बावीस वर्षांची सवय आहे ती.

मूळ आकडे माझ्या वहीत सगळेच्या सगळे आहेत. मी रजा काढली आहे. दोन दिवस मी यादी परत भरीन आणि चार दिवस तू सराव करशील. कापड काढून ठेव. आणि त्या बेलवरचा रुमालही.

कटकट


९ मे

चि. कटकटीस,

अनेक आशीर्वाद.

परवा आठ वाजता शेवटचं गाणं संपवलं, मान वर केली, तर तू स्पीकरशेजारच्या खुर्चीत नव्हतीस. मामी म्हणाली, गाडीची वेळ झाली म्हणून पळाली. दोन शब्द बोलून गेली असतीस तर गाडी काय रडली असती? सहा तास मी तुला वही मांडीवर घेऊन, भुवया आकसून बसलेली पाहत होतो. काहीतरी खरडत होतीस. ते काय होतं, हे न सांगताच गेलीस.

उजव्या खांद्याला अजून गोळा आलाय. हेडफोन आपोआप डावीकडे जायचा. मामीने डाव्या वाटीत मोजा कोंबला नसता तर मी दहा वेळा फसलो असतो. तिसऱ्या तासापर्यंत सगळं नीट कळत होतं. त्यानंतर तो एकटा कान थकला. खरं सांगतो, चौथ्या तासानंतर मला सूर कळत होते की मी तुझे आकडे पाहून चाललो होतो, हे माझं मलाच माहीत नाही. आकड्यांकडे बघून वाजवणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली.

संपल्यावर सगळे आले. छान, म्हणाले. फारच छान. मालकाने हात हातात घेतला. त्याला कानाचं आधीच सांगितलं होतं, तरी म्हणाला, रविवार तुझे. एका बाईने डोळे पुसले. आणि मी तिथे उभा राहून विचार करत होतो की हेच लोक, याच शब्दांत, त्या बारा रविवारीही छान म्हणाले होते. आता कोणाचं ऐकू? त्यांचं ऐकता येत नाही आणि माझं मला ऐकू येत नाही.

मालकाला मी अजून हो म्हटलेलं नाही. पंधरा दिवसांचा वेळ मागितला आहे. तू लिहिशील ते मी मानेन. वाईट झालं असेल तर वाईट लिही. मला सांभाळून घेऊ नकोस, तेवढं केलंस तर मी तुला कधी माफ करणार नाही.

तुझा,
मामा


१३ मे

ती. मामा,

अनेक आशीर्वाद मोजून घेतले. बरोबर आहेत.

पळाले कारण शेवटची गाडी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका सभागृहाचा पियानो होता. तुझ्यासारखे सगळेच रविवारी काम करून सोमवारी झोपत नाहीत. आणि उभ्या उभ्या दोन शब्द बोलले असते तर तेही छानच्या ढिगात पडले असते. तुला लेखी हवं होतं, लेखी घे.

एकूण बासष्ट गाणी. म्हणजे एकसष्ट सांधे.

अकरावा सांधा वाईट. सूर जुळत होते, पण नवं गाणं तू सोळा मात्रा लवकर आणलंस आणि दोन गाणाऱ्या बायका एकमेकींच्या अंगावर बोलल्या. लग्नघरात बोलतात तशा. तो कानाचा दोष नाही, घाईचा आहे.

सव्विसावा सांधा बेसूर. तिथे मी तोंड वाकडं केलं, तू पाहिलंस आणि आवाज खाली घेतलास. अर्धं मिनिट त्रास झाला. नंतर वही उघडली. तिथला आकडा माझ्याच हातून यादीत चुकीचा भरला गेला होता. वहीत बरोबर आहे. तेव्हा तो दोष माझा. एकदाच लिहिते, परत काढायचा नाही.

चौतिसाव्या गाण्यापाशी तू वेग एकशे तेवीसवरून एकदम एकशे सव्वीसवर नेलास. आवडतं गाणं आलं की तुला राहवत नाही. पाऊण-पाऊण ठोक्याने, चार गाण्यांत न्यायचं असतं, कोणाला कळू न देता, हे मला तूच शिकवलंस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बेचाळिसाव्याला परत तेच. कान दोन्ही गेले तरी तुझी ही खोड जाणार नाही.

पहिल्या तासात फार घाबरलेला होतास. सगळं बरोबर, पण इस्त्री केल्यासारखं. कोणी खुर्चीतून उठलं नाही. तिसऱ्या तासात सुटलास. चौथ्यात तू आकडे पाहून वाजवत होतास, हे मला समोरून दिसत होतं, आणि त्यात शरम वाटण्यासारखं काय आहे? मीसुद्धा थकले की सूर मोजणाऱ्या यंत्राच्या काट्याकडे बघते. पण चौथ्या तासात एक गोष्ट झाली. यादीप्रमाणे नऊ-ए यायला हवं होतं. तू हातात घेतलेलं बाजूला ठेवलंस आणि आठ-बी लावलंस. तेही चालणारंच होतं, पण यादीत नव्हतं. ते तू कशावरून ठरवलंस? आकड्यावरून तर नक्कीच नाही.

पाचव्या तासाचं मात्र मला विचारू नकोस. त्या पानावर काहीही लिहिलेलं नाही. मी वही मामीच्या हातात दिली होती आणि नाचत होते.

तुझी,
कटकट